आईस्क्रीम मशीन नसताना घरी फळांचं सॉर्बे जमतं का? (करवंदाचं पार दगड झालं)

आठवी_गल्ली

मंडळी, राजारामपुरीतनं विचारतोय. आमच्या आईला गेल्या वर्षीच्या आजारपणापासून दूध अजिबात पचत नाही, आणि ती आयुष्यभर आईस्क्रीमवर जीव टाकणारी. गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध पिऊन वाढलेली माणसं आम्ही, त्यामुळं दूध बंद म्हटल्यावर तिला किती लागलं असेल ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. म्हणून ठरवलं की दूध नाही तर नाही, नुसत्या फळाचं सॉर्बे करून घालायचं. मशीन घ्यायचं नाहीये, वर्षातनं दोन महिने लागणार आणि दहा महिने माळ्यावर पडणार.

परवा कपिलतीर्थ मंडईबाहेर एक मावशी बुट्टीत करवंदं घेऊन बसलेल्या, एकदम काळीभोर. अर्धा किलो आणली, धुतली, थोडं पाणी घालून शिजवली, चाळणीतनं गाळली, दोन चमचे साखर घातली (आईला फार गोड नको म्हणून) आणि प्लास्टिकच्या डब्यात भरून रात्रभर फ्रीजरला ठेवली. सकाळी बघतो तर दगड! चमचा वाकला पण आतलं हलेना. वरवंट्यानं फोडलं तर तोंडात नुसते बर्फाचे खडे, आणि रंग-चव सगळी तळाला बसलेली. आईनं "छान झालंय की" म्हणून खाल्लं, पण तिचं तोंड बघून कळतंय की ओ.

नेटवर बघितलं तर प्रत्येकजण मशीनच काढून बसलाय. घरी केलेल्या कुणी असेल तर नीट सांगा, काय चुकलं?

वाटीचमचा

ताई, बाकी सगळं बरोबर आहे, साखर चुकली. दोन चमचे साखरेत सॉर्बे होत नाही, करवंदाचा बर्फ होतो. मी शिवाजी पेठेत राहते, दर उन्हाळ्यात करते, मशीन माझ्याकडेही नाही.

अर्धा किलो करवंदांचा शिजवून गाळलेला गर साधारण ४०० ग्रॅम भरतो, त्याला १३० ग्रॅम साखर लागते. हो, वाचताना जास्त वाटते. पण गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, त्यामुळे मिश्रण चाखताना "अंमळ जास्तच झालं" असं वाटलं पाहिजे, म्हणजे गोठल्यावर बरोबर लागतं. साखर कोरडी टाकू नका, थोड्या पाण्यात गरम करून विरघळली की लगेच उतरवा, तार यायला नको. गार झाला की गरात मिसळा, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. मग हे मिश्रण आधी दोन-तीन तास खालच्या फ्रीजमध्ये गारढोण करा, लगेच फ्रीजरला नको.

आणि प्लास्टिकचा डबा नको, स्टीलचा पसरट डबा किंवा कडा असलेलं ताट घ्या. थर दोन बोटांपेक्षा जाड नको. पाऊण तासानं उघडून कडेनं गोठलेलं काट्यानं मधे ओढायचं, मग दर अर्ध्या तासानं तेच, चार-पाच वेळा. शेवटी डबाभर मऊ भुरभुर होते, ती चमच्यानं दाबून बसवायची.

आठवी_गल्ली

काकू धन्यवाद! पण १३० ग्रॅम?? आईला गोड कमी आवडतं हो, ८० घालून चालणार नाही का?

दुपारचा_चहा

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे, थोडं लांबण लावतो, कारण हे एकदा कळलं की कुठलंही फळ आणा, अडत नाही.

नुसतं पाणी शून्य अंशाला गोठतं आणि गोठलं की सगळंच्या सगळं घट्ट. पाण्यात साखर असली की ते शून्याच्या खाली जाऊन गोठायला लागतं, आणि गोठतं ते फक्त पाणी, साखर बर्फात शिरत नाही. म्हणजे जसजसा बर्फ होत जातो तसतसा उरलेला पाक आणखी दाट होतो, दाट झाला की आणखी कमी तापमान मागतो, असं करत फ्रीजरच्या उणे १८ अंशालासुद्धा थोडा पाक पातळच राहतो. बर्फाच्या कणांमधे हा जो पाक शिल्लक असतो ना, त्यामुळे चमचा आत जातो. तुमच्या करवंदात दोनच चमचे साखर होती, पाक उरलाच नाही, कण एकमेकाला चिकटून शिळा झाली. तळाला रंग-चव बसली तीसुद्धा यामुळेच, हळूहळू गोठताना पाण्यानं आपला बर्फ केला आणि बाकीचं सगळं खाली ढकललं.

म्हणून सॉर्बेत साखर गोडीसाठी निम्मी आणि मऊपणासाठी निम्मी असते. एकूण वजनात फळाची धरून साखर २५ ते ३० टक्के लागते. ८० ग्रॅम घातली तर २० टक्क्यांच्या आसपास राहाल, खाता येईल पण खरबरीत होईल. तीसच्या वर गेलात तर नीट गोठणारच नाही, चिखल होईल.

आईंना गोड नको असेल तर साखर कमी करण्यापेक्षा आंबट वाढवा. लिंबू पिळा. साखर तेवढीच राहते, जिभेला मात्र कमी लागते.

दुसरी गोष्ट वेगाची. सावकाश गोठलं तर बर्फाचे कण मोठे होतात, भराभर गोठलं तर बारीक. मशीन काय करतं, तर कडेला गोठलेला पापुद्रा सारखा खरवडून आत ढकलतं, कण मोठा व्हायला वेळच देत नाही. वाटीचमचा ताईंचा काटा तेच काम करतो, फक्त अर्ध्या तासानं एकदा. स्टील, पातळ थर, आधी गार केलेलं मिश्रण, हे सगळं भराभर गोठावं म्हणून. तुमचा सिंगल डोअर फ्रीज असेल तर त्याचा वरचा कप्पा बरेचदा तेवढा गार नसतो, आदल्या रात्रीपासून नॉब पूर्ण फिरवून ठेवा.

जाता जाता, सॉर्बे म्हणजे परका शब्द वाटतो पण आपलं सरबतच आहे ते. अरबीत पिण्याचा जो धातू आहे त्यावरून तुर्कीतलं शर्बत, तिथून इटलीत सोर्बेत्तो आणि फ्रेंचांचं सॉर्बे. सरबत आपल्याकडे पेल्यात राहिलं, तिकडे गोठलं.

पंचगंगाकाठ

सर लई भारी सांगितलंसा. पण मी म्हणतो फ्रीजर कशाला पायजे? आमच्या वाड्यात मे महिन्यात पॉट यायचा भाड्यानं, लाकडी बादली, आत डबा, मधे बर्फ आणि खडेमीठ, हँडल मारायला सगळ्या पोरांची रांग. तोच पॉट घरातल्या भांड्यात होतोय.

मोठं पातेलं किंवा बादली घ्या, त्यात झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा (आमचा जुना दुधाचा किटलीसारखा हाय), डब्यात मिश्रण निम्म्यापेक्षा थोडंच वर. भोवतीनं बर्फाचा चुरा आणि जाडं मीठ थरावर थर, तीन किलो बर्फाला एक किलो मीठ. मग डब्याची कडी धरून उजवीकडं-डावीकडं फिरवत राहायचं, दर पाच मिनिटांनी झाकण पुसून उघडायचं आणि कडेचं लाकडी उलथन्यानं खरवडायचं. अर्धा लिटर असंल तर अर्ध्या-पाऊण तासात तयार. झाकण पुसल्याबिगर उघडू नका, खारट पाण्याचा एक थेंब गेला तरी सगळं वाया. आणि बर्फाला उघडा हात लावू नका, मीठ घातल्यावर लई गार होतोय, कातडं जळतं. फडकं धरा.

उरलेलं मिठाचं पाणी झाडाच्या बुडात वतू नका, मोरीत वता.

दुपारचा_चहा

पद्धत अगदी योग्य. मीठ लागलं की बर्फ शून्याच्या खालीसुद्धा वितळायला लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता डब्यातून ओढून घेतो. प्रमाण नेमकं जमलं तर हे मिश्रण उणे २१ अंशापर्यंत जाऊ शकतं, म्हणजे घरच्या फ्रीजरपेक्षा खाली. आणि सगळीकडून डब्याला चिकटून असल्यामुळे फ्रीजरमधल्या हवेपेक्षा किती तरी भरभर गोठवतं. हँडलच्या पॉटचं पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये घेतलं, तत्त्व अजून तेच आहे.

वाटीचमचा

पॉटची चव वेगळीच, मान्य आहे. पण बर्फ कुठला आणता ते बघा. कारखान्यातली लादी सगळीच खायची नसते. महाराष्ट्रात अन्न आणि औषध प्रशासनानं २०१८ पासून खायचा नसलेला बर्फ निळसर करायला सांगितलंय, तो भोवती घालायला ठीक आहे, पण वाटीत एक तुकडाही जायला नको. लहान मुलं लगेच उचलून तोंडात घालतात.

पंचगंगाकाठ

बरोबर हाय ताई. आम्ही पोरांना पयलाच दम देतो.

बुट्टीभर

मी काट्याचं काम करत नाही कारण दिवसभर दुकानात असते, दर अर्ध्या तासाला फ्रीज कोण उघडणार. माझी पद्धत मिक्सरची. मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये ओतायचं, रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी तुकडे काढून पाच मिनिटं बाहेर ठेवायचे आणि मिक्सरला लावायचे. सलग फिरवायचं नाही, बटण उलट बाजूला झटके झटके देत, मधे मधे चमच्यानं खाली ढकलत. सुरुवातीला भुगा होतो तेव्हा वाटतं बिघडलं, पण अजून चार-पाच झटके दिले की एकदम लोण्यासारखं येतं आणि रंगही फिका होतो कारण हवा शिरते. लगेच गार डब्यात काढून तासभर परत फ्रीजर. मिक्सरचं भांडं आधी फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर निम्मं वितळतं. साखर बरोबर असेल तर तुकडे मऊच असतात, पात्याला काही होत नाही. बिनसाखरेचे दगड मात्र लावू नका, माझ्या जुन्या मिक्सरचा कपलर त्यातच गेला.

वाटीचमचा

मिक्सरचं मऊ होतं पण दुसऱ्या दिवशी परत घट्ट येतं, माझा अनुभव. लगेच खायचं असेल तर मिक्सर, दोन-चार दिवस ठेवायचं असेल तर काटा आणि शेवटी एकदा मिक्सर. मी आता दोन्ही करते.

काकवी

नमस्कार. आमचं कागल भागात गुऱ्हाळ हाय, हे वाचून राहवलं नाही. साखरेतली थोडी काढून काकवी घालून बघा की! आमच्या घरात वहिनीनं जांभळाच्या सरबतात काकवी घातली आणि उरलेलं फ्रीजरमध्ये ठेवलंतं, चार दिवसांनी काढलं तर चमच्यानं निघालं. साखरेचं शेजारीच होतं ते फुटंना. सर, असं का हो होतंय?

दुपारचा_चहा

वा, फार उपयोगी निरीक्षण. काकवी म्हणजे गूळ होण्याआधी काढलेला दाट रस, आणि ती दाणेदार होऊ नये म्हणून त्यात आंबट घालतात ना?

काकवी

व्हय, सायट्रिक अॅसिड घालतात. नाहीतर बाटलीच्या तळाला साखर बसती.

दुपारचा_चहा

मग उत्तर त्यातच आहे. आंबट आणि उष्णता मिळाली की साखरेच्या कणाचे दोन तुकडे पडतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. गोठणबिंदू किती उतरणार ते पाण्यात कण किती आहेत यावर ठरतं. तेवढ्याच वजनात काकवीत कण जास्त, म्हणून ती जास्त मऊ ठेवते. शिवाय अशी साखर खडा धरत नाही. घरात लाडवाच्या पाकात लिंबाचे थेंब टाकतात ते याचसाठी. मधानंसुद्धा हेच होतं. १३० ग्रॅम साखरेच्या जागी ८० ग्रॅम साखर आणि ६०-७० ग्रॅम काकवी घेऊन बघा. पूर्ण काकवी नको, घट्टच होणार नाही आणि फळाची चव मागे पडेल.

काकवी

आंब्याला नको पण, रंग मातकट येतो आणि हापूसच्या वासावर गुळाचा वास बसतो. करवंद, जांभूळ, काळी द्राक्षं असल्या गडद फळाला चालती.

तासगावची_माहेरवाशीण

द्राक्षाचं सगळ्यात सोपं. द्राक्ष मुळातच गोड, अर्धा किलो रसाला ७५ ग्रॅम साखर पुरते. साल-बी गाळून घ्यायची नाहीतर तुरट लागतं. पण आता द्राक्षं संपली, पुढच्या फेब्रुवारीत करा.

कलिंगडाचं मी दोनदा बिघडवलं म्हणून आवर्जून सांगते. कलिंगडात ९२ टक्के पाणीच, त्यात वरून पाणी घालून पाक केला की संपलं. पाणी अजिबात न घालता त्याच्याच रसात साखर विरघळवायची, अर्ध्या लिटरला १४० ग्रॅम तरी. आणि त्याला स्वतःचं अंग नाही, आंब्याला किंवा पेरूला गर असतो तसा. मी त्यात एक पिकलेला पेरू शिजवून गाळून घालते, छान बांधून येतं आणि चव कळतही नाही.

बुट्टीभर

आंब्याचं प्रमाण कुणी सांगितलं नाही. अर्धा किलो हापूसचा रस, १२० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी, एका लिंबाचा रस. पायरी आंबट-गोड असते, तिला लिंबू निम्मं. लक्ष्मीपुरीत डागी आंबे स्वस्त मिळतात, रसाला काय फरक पडत नाही, डाग काढून टाकायचा.

उन्हाळी_सुट्टी

मी अंड्याची युक्ती वाचली होती. धुतलेलं ताजं अंडं सालासकट मिश्रणात सोडायचं, रुपयाच्या नाण्याएवढा भाग वर तरंगला की साखर बरोबर, बुडलं तर कमी. वजनकाटा नसेल त्यांना बरं.

दुपारचा_चहा

लिंबू, कलिंगड, द्राक्ष असल्या पातळ गाळलेल्या रसाला चालतं. आंब्याच्या किंवा करवंदाच्या दाट गरात अंडं गरावरच तरंगतं, साखर कमी असली तरी, आणि फसवतं.

वाटीचमचा

आमच्याकडे अंडं घरात येत नाही, त्यामुळे मी काट्यावर मोजते. दोन-तीनशे रुपयांत छोटा काटा मिळतो, तो घ्याच म्हणेन मी. आमचं सॉर्बे एकादशीला पण चालतं म्हणून सासूबाईंना फार आवडतं.

मंगळवार_पेठ

बाबांना शुगर आहे. साखर न घालता करता येईल का? लहानपणी तेच आम्हाला गोळा घेऊन द्यायचे, आता आम्ही खातो आणि ते बघत बसतात.

दुपारचा_चहा

वर जे लिहिलं त्यावरून कळेलच, साखर काढली तर मऊपणा जातो. आणि केळं-चिकू गोठवून फिरवलं तर मऊ होतं, पण ते त्या फळातल्या साखरेमुळेच, त्यामुळे "बिनसाखरेचं" म्हणून निर्धास्त वाटीभर देऊ नका. किती चालेल ते डॉक्टरांना विचारून ठरवा. मी म्हणेन लिंबू-पुदिन्याचं बिनसाखरेचं मिश्रण पातळ थरात गोठवून काट्यानं खरवडून, भुगा तसाच लगेच द्या. ते सॉर्बे नाही होणार, गोळ्याच्या जवळ जाईल, आणि त्यांना गोळाच आठवत असेल तर ते जास्त आवडेल.

मंगळवार_पेठ

हे करून बघते सर. काळं मीठ, जिरेपूड पण घालते. मनापासून आभार.

आठवी_गल्ली

चार दिवसांनी येतोय कारण मधे दोनदा करून बघितलं.

आधी हापूस, बुट्टीभर ताईंच्या मापानं, काट्यानं. दुपारी दोनला ठेवलं आणि पावणेचारला लाईट गेली, सव्वा तास आलीच नाही. फ्रीज अजिबात उघडला नाही, लाईट आल्यावर बघितलं तर थोडं सैल झालेलं पण वितळलं नव्हतं, काट्यानं हलवून पुढं चालू ठेवलं. रात्री नऊला खाल्लं, चांगलं झालं पण मधे मधे कचकच लागत होती. सैल होऊन परत गोठलं त्याचे खडे असणार.

काल करवंदाचं. ४०० ग्रॅम गर, ८० साखर, ६५ काकवी, अर्धं लिंबू, मीठ. पसरट स्टीलच्या डब्यात, चार वेळा काटा आणि शेवटी गार केलेल्या मिक्सरच्या भांड्यात सहा झटके. मिक्सरमधनं काढताना रंग बघितला आणि मी आईला हाकच मारली, वांगी रंगाचं एकदम रेशमी, उलथन्यावरनं दुमडत पडत होतं. आज सकाळी परत बघितलं, रात्रभर राहूनसुद्धा चमचा गेला आत! वरून बटर पेपर चिकटवून ठेवलावता, बर्फ धरला नाही.

आईनं पहिला चमचा तोंडात धरून ठेवला, गिळेचना. मला वाटलं दात दुखला. मग म्हणाली ह्याला रानाचा वास येतोय. तिचं आजोळ राधानगरीकडचं, लहानपणी परकराच्या ओच्यात करवंदं भरून आणायची म्हणे, चीक लागून परकर खराब झाला म्हणून मार खायची. हे मला माहीतच नव्हतं. वाटी संपवली आणि अजून अर्धी मागितली. बाई वर्षभर ताटातलं सगळं उरवतेय, आणि मागून घेतली.

काकवी दादा, तुमचं खरं झालं. आता आई विचारतेय जांभळं कधी येणार, त्याचं करायचंय तिला, आणि ह्यावेळी काटा तीच मारणार म्हणतेय. जांभळाच्या बिया शिजवून काढायच्या का कच्च्याच?

वाटीचमचा

किती बरं वाटलं वाचून. जांभूळ शिजवू नका, वास जातो. मीठ घालून हातानं कुस्करा आणि मोठ्या चाळणीवर घासा, बिया वर राहतात. तुरटपणा असतो म्हणून लिंबू कमी. जूनच्या पहिल्या पावसाच्या आधीची घ्या, नंतर पाणचट होतात.

आठवी_गल्ली

लिहून ठेवलं काकू. काकवी मात्र एवढ्यात संपली, तळाला चमचाभर राहिलीय. आता कुठं मिळंल?

काकवी

गुऱ्हाळं बंद झाली ताई ह्या सीझनची. पण आमच्या घरच्या दोन बाटल्या हायत. शुक्रवारी मार्केट यार्डात येतोय गुळाच्या हिशेबाला, एक बाटली आणतो. पैसे नकोत, जांभळाचं झालं की आईनं काय म्हटलं तेवढं हितं लिवा.